पाणी मारता काय रे?

मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर होडीचं इंजिन लागलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पाणी मारता काय रे?" मागच्या फळीवर बसलेला पोरगा वाकून बघतो आणि म्हणतो, "मारता." एखाद्या दिवशी म्हणतो, "मारता, पण बारीक." या दोन उत्तरांमधलं अंतर आज जरा निवांत बघू या. तुम्ही होडीवर नसाल तरी हरकत नाही. घरी खुर्चीत बसूनही हे पाणी आत कुठून शिरतं, कुठे वळतं, कुठे अडतं हे मनाने बघता येतं. अट एकच, वेग कमी ठेवायचा.

आधी फक्त धार बघा. होडीच्या मागे बाहेरून टांगलेल्या आऊटबोर्ड इंजिनाच्या डोक्याखाली, मागच्या बाजूला, एक लहानसं भोक असतं. त्यातून पेन्सिलीच्या जाडीची धार तिरकी बाहेर पडते आणि पुन्हा समुद्रात जाते. तिचं काम एवढंच, की आतला पंप चालू आहे हे बाहेरच्या माणसाला कळावं. धारेत बोट धरा. इंजिन नुकतंच लागलेलं असेल तर पाणी समुद्राइतकंच गार लागेल. बऱ्याच इंजिनांत थोड्या वेळाने तेच पाणी कोमट होतं. ते कोमटपण बोटावर राहू द्या. क्षणभरापूर्वी ही ऊब सिलिंडरच्या भिंतीत होती, आणि त्याच्या आधी ज्वाळेत.

आता ज्वाळेपर्यंत जाऊ. पेट्रोलमधली ऊर्जा सगळी होडी ढकलणाऱ्या पंख्याकडे जाते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात फार तर तिसरा हिस्सा पंख्याच्या वाट्याला येतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. बाकीची सगळी उष्णताच. त्यातली बरीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सियसच्या घरात जातं. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मिनिटाला ५००० फेरे घेणाऱ्या दोन स्ट्रोकच्या इंजिनात एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला ८० हून जास्त वेळा ही ज्वाळा पेटते. हे आकडे एकापाठोपाठ एक वाचून पुढे जाऊ नका. २००० आणि ६६०, एवढे दोनच शेजारी शेजारी ठेवा आणि पिस्टन शाबूत कसा राहतो असं स्वतःला विचारा.

तो शाबूत राहतो कारण ज्वाळा क्षणात विझते आणि तिने दिलेली उष्णता पुढची ज्वाळा पेटण्याआधी भिंतीतून पाण्यात गेलेली असते. म्हणजे आपण इंजिनाला "थंड आहे" म्हणतो तेव्हा जणू ते त्याच्या स्वभावानेच थंड आहे असं धरून चालतो. तसं ते एक क्षणही नसतं. कोणीतरी त्याची उष्णता सतत वाहून नेत असतं, आणि आपल्याला दिसतं ते त्या वाहून नेण्याचं फळ.

बिघाडाबद्दलही आपली कल्पना अशीच घाईची असते. काहीतरी बाहेरून आलं, तुटलं, शिरलं, म्हणून बिघडलं. होडीचं इंजिन तापतं तेव्हा बहुतेक वेळा नवं काहीच आलेलं नसतं. ज्वाळा कालच्याइतकीच आहे, पेट्रोल तेच, माणूसही तोच. जे चालू होतं ते थांबलेलं असतं, आणि थांबलेल्या गोष्टीला आवाज नसतो. म्हणूनच किनाऱ्यावरचा तो प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो. इंजिन गरम झालं का, असं तो विचारत नाही. ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

पाण्याच्या मागे मागे चला. इंजिनाचा खाली गेलेला पाय डोळ्यांसमोर आणा. पंख्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना, बारीक फटींची जाळी असते. समुद्र तिथून आत येतो. जाळीच्या वर, गिअरच्या पेटीच्या डोक्यावर पंप बसवलेला असतो आणि त्याच्या मधोमध इंजिनाकडून पंख्याकडे जाणारा उभा शाफ्ट आरपार जातो. इंजिन फिरलं की शाफ्ट फिरतो, शाफ्ट फिरला की पंप. गिअर न्यूट्रलमध्ये असला तरीही. पंपातून पाणी नळीने वर चढतं, सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांमधून फिरतं, तापमान पाहून उघडणाऱ्या थर्मोस्टॅटपाशी अडतं, मग धुरात मिसळून खाली उतरतं आणि बहुतेक इंजिनांत पंख्याच्या मधल्या नळकांड्यातून समुद्रात जातं. वाटेतला एक छोटा फाटा तेवढा त्या भोकाकडे वळतो.

सासून डॉकमधल्या ट्रॉलरवर किंवा गेटवेहून सुटणाऱ्या लाँचवर हाच मामला मोठा असतो. तिथे पुष्कळदा दोन पाण्यांचा कारभार असतो: इंजिनात गोडं पाणी गोल फिरतं आणि समुद्राचं पाणी त्याला बाहेरून गार करतं. पण समुद्र ओढणाऱ्या पंपात तिथेही बहुधा रबरच फिरतं. त्या रबराकडेच आपल्याला जायचं आहे.

याला इंपेलर म्हणतात. तळहातावर सहज मावतो. मधे धातूची बुशी, तिला शाफ्टच्या चावीसाठी खाच, आणि भोवती रबराची पाती, आऊटबोर्डमध्ये बहुतेक सहा. पंपाचं घर गोल असतं, पण इंपेलर त्याच्या बरोबर मधे बसत नाही, एका अंगाला सरकून बसतो. सगळी करामत या सरकण्यात आहे. एका बाजूला पात्याला ऐसपैस जागा मिळते, दुसऱ्या बाजूला भिंत जवळ येते. कोकणातल्या जुन्या घराच्या बुटक्या दारातून माणूस वाकून जातो आणि आत गेल्यावर ताठ होतो, तसं प्रत्येक पातं अरुंद बाजूला वाकतं आणि रुंद बाजूला सरळ होतं. सरळ होताना दोन पात्यांमधली जागा वाढते आणि पाणी आत ओढलं जातं. पुन्हा वाकताना जागा कमी होते आणि पाणी बाहेर ढकललं जातं. झडप नाही, स्प्रिंग नाही. वाकायचं, सरळ व्हायचं, पुन्हा वाकायचं, मिनिटाला हजारो वेळा.

यातलं एकच पातं मनात धरा आणि त्याची एक फेरी अगदी सावकाश पूर्ण करा. भिंतीला टेकलेलं टोक. मुळाशी पडणारा ताण. मग मोकळी जागा. रबर आपल्या मूळ आकाराकडे येतं, आणि त्या येण्यातच पाणी उचललं जातं. (या रबरात जगण्याचं सार शोधायचा मोह इथे प्रत्येकाला होतो. मलाही झाला. तो बाजूला ठेवू. रबर रबरच आहे, आणि तेवढं बघण्यासारखं आहे.)

वेग वाढला की एक गंमत होते. पाण्याचा दाब वाढतो, पाती आतल्या बाजूला झुकतात, भिंतीला पूर्वीसारखी घासत नाहीत, आणि पंप पाणी ढकलण्याऐवजी गरगर फेकू लागतो. त्यामुळे झिजलेला इंपेलर भर वेगात पुष्कळदा आपली झीज लपवतो. त्याची खरी परीक्षा मंद चालीत होते. फेरे कमी असताना पात्याने भिंतीला नीट टेकलंच पाहिजे, नाहीतर पाणी मागे सरकतं. होडी जाग्यावर उभी आहे, इंजिन हळू धडधडतं आहे आणि धार बारीक झाली आहे, असं दिसलं की आऊटबोर्डचा मेकॅनिक आधी पंपावर संशय घेतो. उलट मंद चालीत सगळं ठीक आणि वेग दिला की तापतं, असं असेल तर तो जाळीत, नळीत किंवा आतल्या पोकळ्यांत काही अडकलंय का ते बघतो. हा नियम पक्का नाही, पण सुरुवात कुठून करायची ते सांगतो. कार्लीच्या मुखाशी, नदी आणि समुद्र मिळतात तिथे, लाटांच्या रांगेत शिरण्याआधी होडी घटकाभर हळू असते. ती घटका धारेकडे बघण्यात घालवावी.

आता कोरडेपणाकडे. पंपाच्या भिंतीवर रबर घासतं, तरी ते टिकतं, कारण मधे पाण्याचा पातळ थर असतो. जे पाणी पंप वाहून नेतो तेच त्याचं वंगणही. पाणी नसेल तर काही सेकंदांत टोकं तापतात, चकचकीत होतात, मग चिरतात. अंगणात स्टँडवर लावलेलं इंजिन "नुसतं लागतंय का बघू" म्हणून कोणी दोरी ओढतो, इंजिन झकास लागतं, सगळे खूश होतात. त्या खुशीच्या अर्ध्या मिनिटात खाली पंपात काय झालं ते कोणाला दिसत नाही. ही पाती बहुधा ज्याची असतात ते निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत तयार झालं. खारं पाणी, ऊन, हवा, सगळ्यांना ते दाद देत नाही. पाण्याविना भिंतीवर घासलं जाणं मात्र त्यालाही सोसत नाही.

भर समुद्रातही पंप कोरडा पडतो. डोळे मिटून हे चित्र बघा: चहूकडे पाणी, होडीखाली वीस वाव पाणी, आणि जाळीवर चिकटलेली एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी. पंप जितका जोर लावतो तितकी ती घट्ट बसते. धार आधी तुटक होते, मग वाफाळते, मग नाहीशी होते. नव्या चार स्ट्रोकच्या इंजिनांत भोंगा वाजतो आणि फेरे आपोआप पडतात. जुन्या दोन स्ट्रोकच्या इंजिनात पुष्कळदा आवाजच काय ते सांगतो. तो कोरडा होतो, आणि वेगाची मूठ तेवढीच पिळलेली असताना होडी जड वाटू लागते. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. सिलिंडरचं अस्तर लोखंडी, पिस्टन अॅल्युमिनियमचा. आतला बाहेरच्यापेक्षा जास्त फुगला की मधली तेलाची फट संपते. पुढे धातूवर धातू. इंजिन बसलं म्हणतात ते हे.

अशा वेळी करायचं काम मंद आहे, आणि भीती माणसाला नेमकी उलटी घाई करायला लावते. इंजिन बंद करावं. किनारा किंवा खडक जवळ असेल तर आधी नांगर टाकावा. पाय वर उचलावा, जाळी बघावी, पिशवी काढावी. तापलेल्या डोक्यावर समुद्राचं गार पाणी ओतण्याचा मोह आवरावा. त्याने धातू चिरतो, नाहीतर वाकतो. हात लावता येईल इतकं इंजिन निवेपर्यंत थांबावं. ओहोटी होडीला ओढत असताना हे थांबणं सोपं नसतं. पिशवी निघाल्यावर धार पुन्हा आली तरी किनाऱ्यावर पोचल्यावर पंप खोलायचाच, कारण त्या मिनिटभरात रबराचं काय झालं ते धार सांगत नाही.

धार काय सांगते आणि काय सांगत नाही, हाही विचार इथेच करून टाकू. ती एका फाट्याचं पाणी आहे. काही इंजिनांत हा फाटा पाणी सिलिंडरभोवती फिरण्याआधीच निघतो. तिथे धार जोरदार असूनही पुढचा थर्मोस्टॅट मिठाने चिकटलेला असू शकतो. उलट, धार नाही म्हणजे पंप गेलाच असंही नाही. पावसाळ्यात इंजिन उभं असताना कुंभारमाशी त्या भोकात चिखलाचं घर बांधते. नवा इंपेलर आणायला कोणी बाजारात धावण्याआधी तिथे बारीक तार घालून बघावी. मातीचा बुच्चा निघतो आणि मागून धार येते.

महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, आणि पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही थांबतात. माणसांच्या लेखी ही विश्रांती. मासेमारीची जाळी दुरुस्त होतात, होड्या ताडपत्रीखाली जातात. पंपात मात्र एखाद-दुसरं पातं अरुंद बाजूला वाकलेलं तसंच राहतं. दोन महिने तेच पातं, तोच बाक. रबराला हळूहळू तो बाक म्हणजेच आपला आकार वाटू लागतो. ओलावा सुकतो, टोक भिंतीला चिकटतं. मग नारळी पौर्णिमेच्या सुमाराला कोणीतरी जोरात दोरी ओढतं. पातं सुटतं, कधी फाटून सुटतं. भर हंगामात जो इंपेलर रोज आठ तास राबला आणि टिकला, तो असा सुट्टीच्या शेवटी जातो. म्हणून जाणते लोक बंदी लागताच तो काढून ठेवतात आणि हंगामाला नवा घालतात. इंजिनाच्या किमतीपुढे त्याची किंमत चिल्लर आहे. त्यातही काहीजण डुप्लिकेट घेतात. ते रबर नखाने दाबलं तरी कडक लागतं, आणि त्यावर वाचवलेले पैसे बारावाटे जातात.

आता पाय खोलू. हे हातांनी करायचं मनन आहे. बोल्ट सैल करा, पाय खाली घ्या, पंपाचं घर उचला. इंपेलर काढून तळहातावर ठेवा. लगेच फेकू नका. प्रत्येक पातं अंगठ्याने त्याच्या नेहमीच्या दिशेला वाकवा आणि मुळाकडे बघा. सरळ असताना न दिसणारी चीर वाकवल्यावर दिसते. सोडल्यावर पातं परत येतं का, की अर्ध्यावर थांबतं? टोकाची कड तीक्ष्ण आहे की गोल झाली आहे? मग बोट पंपाच्या भिंतीवरून फिरवा. देवबागसारख्या ठिकाणी होडी वाळूतूनच पाण्यात ढकलतात, आणि उथळ पाण्यात इंजिन लावलं की पंख्याने उडवलेली वाळू थेट जाळीत जाते. तिचे ओरखडे भिंतीवर बोटाला लागतात. खोल ओरखडे असतील तर नवं रबरही पाणी धरणार नाही. मग आतली स्टीलची वाटी आणि खालची पट्टीही बदलावी लागते.

नवा इंपेलर बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावतात, म्हणजे पहिले काही फेरे कोरडे जात नाहीत. शाफ्ट ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला हाताने फिरवत घर खाली बसवायचं, पात्यांची टोकं मागे राहिली पाहिजेत. शाफ्ट उलटा फिरवायचा नाही. चावी खाचेतून निसटत नाही ना, हे बघायचं. ती गळून पडली तर सगळं नवं घालूनही इंपेलर जागेवरच उभा राहतो आणि शाफ्ट त्याच्यातून फिरत राहतो.

मग निळा प्लॅस्टिकचा ड्रम. पंप पूर्ण बुडेल इतकं गोडं पाणी भरून इंजिनाचा पाय त्यात सोडतात आणि हळू चालीवर काही मिनिटं चालवतात. रोज समुद्रातून आल्यावर असं केलं तर आतल्या मिठाचा थर वाढत नाही. समुद्राचं पाणी ज्यांच्यातून थेट फिरतं त्या इंजिनांत थर्मोस्टॅट मोटारीच्या मानाने लवकर उघडणारे ठेवतात, कारण खारं पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार भिंतीवर बसू लागतात, आणि तो थर उष्णता अडवतो. गोड्या पाण्याची जिथे टंचाई तिथे हा ड्रम चैनीचा वाटतो, हे खरं. निदान चार दिवसांतून एकदा तरी.

हे सगळं झालं, तरी एक काम उरतंच, आणि ते पुष्कळजण टाळतात. जुन्या इंपेलरची पाती मोजा. सहा होती, चार आहेत. उरलेली दोन कुठे गेली? ती विरघळलेली नाहीत. पाण्याबरोबर वर गेली आणि जिथे वाट अरुंद झाली तिथे अडकली: नळीच्या वळणात, थर्मोस्टॅटच्या तोंडाशी, सिलिंडरभोवतीच्या एखाद्या पोकळीत. नवा पंप उत्तम पाणी मारेल, धार जाड दिसेल, आणि एक सिलिंडर तेवढा तापत राहील. म्हणून आधी थर्मोस्टॅटचं झाकण काढा. एक तुकडा बहुधा तिथेच, मिठात रुतलेला सापडतो. दुसऱ्यासाठी पाण्याची नळी सोडा आणि वरच्या बाजूने गोडं पाणी उलटं सोडा. खाली फडकं धरायला कोणाला तरी सांगा, म्हणजे तुकडा वाळूत हरवायचा नाही. जे सापडेल ते जुन्या इंपेलरच्या तुटलेल्या मुळाशी लावून बघा, कड कडेला जुळते का. अर्धाच तुकडा जुळला तर उरलेला अर्धा अजून आत आहे. मग सिलिंडरच्या बाजूचं पाण्याचं झाकण खोलावं लागेल. त्याचे बोल्ट खाऱ्या पाण्याने धरलेले असतात, ताकद लावली की डोकं तुटून हातात येतं. त्यांच्यावर तेल सोडा आणि आज तसंच राहू द्या. खोलणं उद्या.